बटाटा चालत नाही, पण जांभूळ का चालत नाही?

मागच्या पावसाळ्यात आमच्या देपालपुरात मोहल्ल्यातल्या सात-आठ बायकांनी रस्त्याकडेला जांभूळ, कवठ, सीताफळ आणि देशी बदाम लावायचं ठरवलं. खड्डे आम्हीच खणले. आदल्या दिवशी समाजातले एक वडीलधारे दारात येऊन म्हणाले, "बाई, फळझाड नको. फळं पडतील, सडतील, जीवोत्पत्ती होईल. चातुर्मासात पायाखाली येतील. दोष कोणाला? शोभेचं काहीतरी लावा." मागे उभ्या तिघी-चौघींनी लगेच माना डोलावल्या. मला खरा राग त्या मानांचा आला.

अहो, आपण बटाटा, मुळा, गाजर का सोडतो? एका कंदात अनंत जीव, आणि तो उपटला की अख्खं रोप जातं. फळ तोडलं तरी झाड जागेवर राहतं. मग कंद सोडलेल्यांनी फळझाडं सर्वांआधी लावायला नकोत का? आंबे, पपया हातगाडीवरून घ्यायच्या. त्यांची फवारणी, त्यांची कुजकी फळं दुसऱ्याच्या शेतात. दोष आपल्या दारात नको, फोड मात्र ताटात हवी! ह्याला मी तरी अहिंसा म्हणणार नाही.

मंदिरातलं षट्लेश्येचं चित्र आठवा. फळांनी लदलेलं झाड आणि सहा भुकेली माणसं. कृष्णलेश्येचा मुळावरच घाव घालतो. कोणी फांद्या तोडतो, कोणी घोस. शुक्ललेश्येचा तेवढा खाली पडलेली फळं वेचतो. पडलेलं फळ उचलणारा आपल्याकडे सगळ्यांत वरचा, आणि आपण पडणाऱ्या फळाला भिऊन झाडच लावायचं नाही? मग त्या सहाव्याने बसायचं कुठे?

काळजी खोटी नाही. जांभूळ पिकतं जून-जुलैत, म्हणजे चातुर्मासाच्या उंबरठ्यावरच. पण खाली जुनी साडी बांधता येते, पहाटे मऊ झाडूने वेचता येतं, आणि मोहल्ल्यातली पोरं काय सडेपर्यंत फळ ठेवतात होय? शोभेचं म्हणाल तर नर्सरीवाले कोनोकार्पस पुढे करतात. त्यावर गुजरातने २०२३ मध्येच बंदी घातली आहे.

इंदूरला १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांवर रोपं लागली, गिनीज विक्रम झाला. आनंदच आहे. पण रोप जगतं ते माळव्याच्या मे महिन्यात कोणीतरी बादली नेली तर. बियांपासूनच्या जांभळाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. तेवढे उन्हाळे आपल्यालाच काढायचे आहेत. तांदूळ-भाजी धुतलेलं गाळलेलं पाणी मोरीत ओततोच की आपण रोज.

आम्ही रोपं लावलीच. एक जांभूळ बकरीने फस्त केलं, सीताफळाला मात्र तिने तोंड लावलं नाही. ह्या रविवारी त्या खड्ड्यात नवं जांभूळ लावणार आहोत. माना डोलावणाऱ्यांपैकी एकीने काल नातवाच्या हाती बादलीभर पाणी पाठवलं. स्वतः आली नाही.