रणांगणावरील हास्य

दुखवट्याच्या घरीं कोणी हंसला, तर वडील माणसें त्याच्याकडे डोळे वटारून पाहतात. ही रीत वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्यावर दुःख कोसळलें आहे तोच हंसला, तर त्यास निष्ठुर म्हणावें काय? हा प्रश्न मनांत आला म्हणजे आम्हांस पहिल्या महायुद्धांतील एका लहानशा वृत्तपत्राची आठवण होते.

इ. स. १९१५ च्या सप्टेंबरांत फ्रान्समधील लूस येथें घनघोर लढाई झाली. इंग्रजांची २४ वी डिव्हिजन नुकतीच विलायतेहून आलेली. लढाईचा अनुभव तिला मुळींच नव्हता. थकल्याभागल्या स्थितींत तिला शत्रूच्या काटेरी तारांवर सोडण्यांत आलें, आणि थोडक्या वेळांत तिचे चार हजारांवर लोक मेले, जखमी झाले किंवा नाहींसे झाले. पुढें या डिव्हिजनची नेमणूक बेल्जममधील ईप्र शहरापाशीं झाली. तें शहर तोफांनीं आधींच धुळीस मिळविलें होतें.

तेथील पडक्या घरांत कॅप्टन रॉबर्ट्स व लेफ्टनंट पिअर्सन यांच्या पलटणीस एक छापखाना सांपडला. एक सार्जंट पूर्वीं छपाईचा धंदा करीत असे. त्यानें यंत्र चालू केलें. खिळे अपुरे, 'वाय' आणि 'ई' हीं अक्षरें तर इतकीं थोडीं, कीं एका वेळीं एकच पान जुळवावें, छापावें आणि मग तेच खिळे सोडवून पुढचें पान जुळवावें! १२ फेब्रुवारी १९१६ रोजीं पहिला अंक निघाला. 'ईप्र' हा उच्चार गोऱ्या शिपायांच्या जिभेस वळेना. ते 'वायपर्स' म्हणत. म्हणून पत्राचें नांव 'वायपर्स टाइम्स'.

त्यांत खोट्या जाहिराती असत. जिच्यासाठीं शेंकडों माणसें मेलीं, त्या हिल ६० नांवाच्या टेकडीवर घर बांधण्यास जागा विकणें आहे, अशी एक होती. आशावादाच्या रोगानें पछाडलेल्यांस औषध सुचविणारी दुसरी. सैन्यांत कवितेची सांथ आली असल्याची तक्रारही संपादकांनीं केली. (आमच्या संपादकमंडळास ही तक्रार परकी वाटणार नाहीं.)

या हास्याचा रोख कोठें होता, तें पहावें. पडलेल्या सोबत्यांवर तो नव्हता. चिखल, उंदीर, मागें सुरक्षित बसलेले अधिकारी, आणि घरच्या वाचकांस गोड बातम्या पुरविणारे लेखक, यांच्यावर तो होता. हिलेअर बेलॉक व बीच टॉमस या नामांकित लेखकांचीं नांवें उलटींसुलटीं करून त्यांची यथेच्छ थट्टा केलेली आढळते. शिपायांचीं पत्रें तपासलीं जात. जें उघड लिहितां येत नव्हतें, तें थट्टेच्या पदराआड सांगतां येई. फ्रान्समधील आपल्या हिंदी शिपायांनींही हीच वाट धरिली होती: घरच्या पत्रांत हिंदी सैन्यास ते 'काळी मिरी' म्हणत व गोऱ्या सैन्यास 'तांबडी', आणि मिरीचा सांठा सरत चालल्याचें कळवीत. तपासणाऱ्यांस तें उमगत असे, ही गोष्ट वेगळी.

अशा विनोदानें युद्ध गोड वाटूं लागेल, अशी शंका कोणी घेतील. दूर घरीं बसून हंसणाऱ्याविषयीं ती खरी आहे. परंतु सोमच्या भयंकर संहारांत, ३१ जुलै १९१६ रोजीं, ज्यांनीं याच पत्राचा अंक 'सोम-टाइम्स' या नांवानें काढिला, त्यांस युद्ध काय आहे हें शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

ईप्रच्या मागें पोपरिंगे गांवीं पाद्री क्लेटन यांनीं डिसेंबर १९१५ मध्यें शिपायांसाठीं एक विसाव्याचें घर उघडिलें होतें. खालीं चहा, पुस्तकें आणि भिंतींवर क्लेटनसाहेबांच्या विनोदी सूचना. हुद्दा दाराबाहेर ठेवून आंत यावें, ही त्यांतीलच एक. माळ्यावर प्रार्थनामंदिर होतें. त्यांतील वेदी म्हणजे सुताराचें जुनें कामाचें बांक. खालीं पोट धरून हंसलेले शिपाई अरुंद जिना चढून त्या बांकासमोर गुडघे टेकीत, आणि मग खंदकांकडे निघत. त्यांपैकीं पुष्कळ परत आले नाहींत.