माशांचा पहाटेचा जीव

दिवाळीच्या उत्साहात मी आमच्या माशांच्या पेटीवरही बारा तास लखलखाट केला. आत आपल्याच देशातली तांबूस रोटाला लावली होती. ती फोफावावी हा हेतू. फोफावले ते शेवाळ! "पेटीत पालक लावलात वाटतं?" असे आमच्या हिने विचारलेही.

मग उमगले, की उजेड नुसती भूक वाढवतो. खायला कार्बन डाय-ऑक्साइडही तितकाच हवा. तो अपुरा पडला, की झाडे खुंटतात नि शेवाळाचे फावते. मी वायूचा सिलिंडर आणला. पण पाणी खेळते नसेल तर वायू एका कोपऱ्यातच घुटमळतो. आणि वरचे पाणी फार घुसळले तर हवेत उडून जातो.

हावरेपणाने मी वायू भरपूर सोडला नि रात्री बंद करायला विसरलो. अंधारात झाडे तो घेत नाहीत, उलट सोडतात. पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो तो सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड वासून! धाकटी रडू लागली. वायू बंद केला, पंपाचे तोंड वर करून पाणी घुसळले. तासाभराने मासे खाली उतरले. एक तेवढा उतरला नाही.

आता दिवा सातच तास. वायू दिव्याआधी तासभर सुरू, विझण्याआधी तासभर बंद. पेटीत काचेची कुपी टांगली आहे: आतले पाणी निळे असले तर वायू कमी, हिरवे म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळे म्हणजे धोका. शाळेला जाण्यापूर्वी धाकटी स्वतः रंग बघून जाते. माझ्यावर तिचा अजून विश्वास नाही.