भरपाई कुणाला?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना भरपाई द्यायची चर्चा निघाली की आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "इतक्या जुन्या गुलामीचा हिशेब आता लागणार कसा?" अहो, लागला होता की! १८३३ च्या कायद्याने गुलामी बंद करताना ब्रिटनने चांगले २ कोटी पौंड मोजले. गुलामांना नव्हे हं, त्यांच्या मालकांना! त्यासाठी काढलेलं कर्ज थेट २०१५ मध्ये फिटलं.

लांब कशाला, आपलं हैदराबाद बघा. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, जहागीरदारांना भरपाई मिळाली. निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा. आणि देशमुखांच्या गढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या 'वेट्टी' म्हणून फुकट राबलेल्यांची मजुरी? ती कुणी मोजली?

दसलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन सगळ्यांची क्षमा मागतो. चांगलंच आहे ते. पण दुकानाची उधारी कुणी नुसती 'उत्तम क्षमा' म्हणून बुडवू लागला, तर चालेल आपल्याला? आजोबांची येणी नातू वसूल करतो, तेव्हा ती जुनी होत नाहीत. मग वेठीला जुंपलेल्यांच्या नातवंडांना जमीन द्या, शिक्षणाचा खर्च द्या. आणि राखीव जागांचं नाव निघालं की नाक मुरडणं, ते तर आजच थांबवा.