वानरांच्या टोळीत जात शोधणारे!

'वकीलसाहेब, वानरांच्या टोळीतसुद्धा एकच हुप्प्या असतो, बाकीचे त्याच्या धाकात राहतात. उच्चनीचता निसर्गानेच केली, तिथे तुमची घटना काय करणार?' अकलूजच्या चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या व्हरांड्यापर्यंत हा युक्तिवाद आम्ही किती वेळा ऐकला, याची गणती नाही. मनुस्मृतीचे नाव उघडपणे घेण्याची सोय उरली नाही, म्हणून ही मंडळी आता निसर्गाच्या आड लपतात. तेव्हा वानरांचीच साक्ष काढू या.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक आपल्या शेजारच्या धारवाडला काळ्या तोंडाच्या वानरांमागे रानोमाळ हिंडले. 1971 पासून सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने अबूच्या डोंगरावर तोच अभ्यास पुढे नेला. त्यांना दिसले ते असे : टोळीत बहुधा एक प्रौढ नर आणि अनेक माद्या, बाहेर बिनटोळीचे नर टपून बसलेले. ते हल्ला करतात, जुन्या हुप्प्याला हुसकावतात. नवा हुप्प्या अनेकदा अंगावर पिणारी पिले मारतो, कारण पिलू गेले की मादी लवकर माजावर येते. भयंकर आहे, पण खरे आहे. ते लपवण्याचे आम्हाला कारण नाही.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी नको का?

अबूला हुप्प्याची गादी सरासरी सव्वादोन वर्षेच टिकली. ती मुलाकडे वारशाने जात नाही. नर वयात येण्याच्या सुमारास जन्माची टोळी सोडतो आणि परक्या टोळीत स्वतःच्या बळावर जागा मिळवतो. माद्यांमध्ये तरण्या वरचढ असतात, वय झाले की खाली उतरतात. कोण कोणाच्या पोटी आली याला तिथे मोल नाही. आणि या माद्या मुकाट सोसणाऱ्या नाहीत. गाभण असतानाही त्या नव्या नराशी संग करतात, म्हणजे पिलू कोणाचे हे त्याला कळू नये. पिलावर हल्ला झाला की अंगावर धावून जाण्यात पुढे असतात त्या टोळीत सर्वांत खालच्या मानाच्या म्हाताऱ्या माद्या! आमच्या मायमाउल्यांना हे वेगळे सांगायला नको.

लाल तोंडाच्या माकडांत मात्र मुलीला आईचा दर्जा मिळतो, हेही सांगून टाकतो. उद्या कोणी तेच आमच्या तोंडावर फेकेल. पण तिथेही मुलगे टोळी सोडून जातात, आणि नव्या टोळीत आईचा मोठेपणा फारसा कामी येत नाही.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीच्या नेमक्या मुळावर बोट ठेवले : जातीतल्या जातीत लग्न. हे कुंपण काढले तर जात उभी राहत नाही. वानरांचा सगळा व्यवहार या कुंपणाच्या उलट आहे. नर बाहेरचा, मादी घरची, दर पिढीला रक्ताची सरमिसळ. ज्याला निसर्ग म्हणून मिरवता, तो तर बहिर्विवाही निघाला! आणि समजा, निसर्गात जात सापडली असती, तरी काय? वानर पिले मारतो म्हणून भारतीय दंड संहितेतून खुनाचे कलम कोणी काढले नव्हते, आजच्या न्याय संहितेतही ते आहेच.

कुंपण राखण्यासाठी माणूस मारतो, ते मात्र याच महाराष्ट्रात. 1 जानेवारी 2013 रोजी नगर जिल्ह्यातील सोनईत प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्याच्या नितीन आगेला शाळेतून ओढून नेऊन मारले, आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. कोणत्या रानात असे घडते?

27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात जिल्हाजिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिले. सोलापूर जिल्ह्यातील कक्ष कुठे बसतो, फोन क्रमांक काय, हे अकलूजच्या प्रत्येक कॉलेजच्या आणि एस.टी. स्टँडच्या फलकावर ठळक मराठीत लावावे, अशी आमची जिल्हा पोलीस प्रशासनाकडे मागणी आहे. निवेदन घेऊन जाताना कार्यकर्त्यांनी निकालाची प्रत सोबत ठेवावी.