परत न जाणारा सेवक : 'ले व्हिझितर'च्या निमित्ताने

ज्याँ-मारी प्वारे यांनी दिग्दर्शित केलेला 'ले व्हिझितर' हा फ्रेंच विनोदी चित्रपट 1993 मध्ये प्रदर्शित झाला. एकट्या फ्रान्समध्ये त्याला एक कोटी तीस लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. एवढी लोकप्रियता वाट्याला आली की समीक्षेने त्या कृतीकडे पाठ फिरवावी, असा एक अलिखित संकेत आहे. मराठी समीक्षाही त्याला अपवाद नाही. परंतु लोकप्रिय विनोदातून समाजाच्या दबलेल्या जाणिवा अनेकदा गंभीर वाङ्मयापेक्षा अधिक उघडपणे व्यक्त होतात. या दृष्टीने प्रस्तुत चित्रपटाचा विचार व्हावयास हवा.

कथानक साधे आहे. इ. स. 1123 मधील सरदार गोदफ्रुआ एका चेटकिणीच्या प्रभावाखाली आपल्या वाग्दत्त वधूच्या पित्याची हत्या करतो. हे पाप पुसून टाकण्यासाठी काही क्षण मागे जाण्याचा त्याचा बेत असतो. पण मांत्रिकाच्या काढ्यात लाव्याची अंडी घालावयाची राहून जातात आणि सरदार व त्याचा सेवक जाकूय थेट 1992 मध्ये येऊन पडतात. टपाल खात्याच्या मोटारीवर तलवारीने केलेला हल्ला, विजेच्या बटणाशी चाललेला सेवकाचा 'दिवस-रात्री'चा खेळ, शौचकूपातील पाण्याने धुतलेले हात हे प्रसंग कालविसंगतीच्या विनोदाचे ठरीव नमुने होत. त्यांनी हसू येते. पण चित्रपटाचे मर्म त्यांत नाही.

मर्म आहे ते सरदार व सेवक यांच्या भिन्न कालानुभवात. सरदाराला आपला काळ परत हवा आहे, कारण तेथे त्याचा किल्ला आहे, कुळ आहे, वाग्दत्त वधू आहे. सेवकाला मात्र मागे नेणारे काहीच नाही. मालकाने फेकलेले तुकडे जमिनीवर बसून खाणे, ही त्याची गतकाळाची शिदोरी. विसाव्या शतकात जिनेत नावाची एक बेघर स्त्री त्याला बरोबरीने वागविते आणि तो तेथेच राहण्याचे ठरवितो. भाषेच्या अंगाने हा भेद अधिकच लक्षणीय वाटतो. सरदार शेवटपर्यंत आपली जुन्या वळणाची, दरबारी भाषा सोडत नाही. सेवक जिनेतच्या तोंडचे 'ओके' काही दिवसांतच उचलतो. ज्याला भाषेने प्रतिष्ठा दिली, तो ती जपतो. ज्याला तिने केवळ आज्ञा ऐकविल्या, तो ती सहज टाकून देतो. अर्थात ही जुनी भाषा बाराव्या शतकातील खरी फ्रेंच नव्हे. ती आजच्या प्रेक्षकाला समजेल अशी रचलेली, पुराणपणाचा भास निर्माण करणारी भाषा आहे.

येथे मराठी वाचकाला आपल्या ऐतिहासिक कादंबरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाईंपर्यंत या परंपरेनेही अशीच एक भासभाषा घडविली. ती प्रामुख्याने गडावरची आणि सदरेवरची भाषा होय. तीतून जागणारी गतकालाची ओढही बहुतांशी सदरेवर बसणाऱ्यांची ओढ असते. मशाल धरणाऱ्याला तो काळ परत हवा होता काय, हा प्रश्न त्या परंपरेने क्वचितच विचारला. दया पवार यांच्या 'बलुतं'ने (1978) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी गतकाळ सर्वांचाच सुवर्णकाळ नसतो, हे मराठी वाङ्मयाला प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले. जाकूयचा नकार त्याच सत्याचे विनोदी रूप आहे.

तथापि येथेच चित्रपटाचा अंतर्विरोधही उघड होतो. सेवकाचा वंशज जाकार हा त्याच किल्ल्याचा मालक असून तेथे आलिशान हॉटेल चालवितो. पूर्वजांचे हीन वाटणारे नाव त्याने बदलून घेतले आहे. आडनाव बदलून जुनी ओळख पुसू पाहणारी माणसे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. त्यामागची वेदनाही नाही. चित्रपट मात्र जाकारची केवळ टिंगल करतो. किल्ला गमावलेली सरदाराची वंशज बेआत्रिस लोभस ठरते. तो मिळविणारा हास्यास्पद ठरतो. शेवटी सेवक आपल्या जागी जाकारलाच फसवून बाराव्या शतकात धाडतो आणि स्वतः मागे राहतो. एका सेवकाची सुटका दुसऱ्याला दास्यात ढकलून होते, सरदाराचे मात्र काहीच बिघडत नाही, आणि प्रेक्षक हसतो. सेवक व वंशज या दोन्ही भूमिका क्रिस्तियान क्लाव्हिए या एकाच नटाने केल्यामुळे या हास्यातील क्रौर्य अधिक गडद होते : वर चढलेला माणूस जणू स्वतःच्याच हातांनी खाली ओढला जातो. ज्या देशाने 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क रद्द केल्याचे जाहीर केले, त्या देशात हा शेवट एवढा प्रिय व्हावा, ही बाब विचारात टाकणारी आहे.

म्हणून 'ले व्हिझितर' ही निव्वळ करमणूक नव्हे आणि निःसंशय पुरोगामी कृतीही नव्हे. ती सेवकाला न परतण्याचा हक्क देते, पण त्याच्या वंशजाला वर चढण्याचा मान देत नाही. विनोदाची समीक्षा करताना हसू कशाने येते एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाच्या किमतीवर येते, हेही पाहावे लागते. मराठीतील विनोदी व ऐतिहासिक अशा दोन्ही वाङ्मयप्रकारांना हा निकष लावून पाहण्याचे काम अद्याप बरेच शिल्लक आहे.