उंबरठ्यावर लिहिला जाणारा अहवाल

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पहाटे रापणीचा दोर ओढणाऱ्यांत सोळा वर्षांचा एखादा मुलगाही असतो. उद्या त्यानेच शेजाऱ्याच्या होडीचे इंजिन चोरून विकले आणि तो पोलिसांच्या हाती लागला, तर काल ज्यांनी त्याच्या पदरात मासळीचा वाटा घातला तेच त्याला चोर म्हणून ओळखू लागतात. कायद्याने मात्र या घाईला पायबंद घातला आहे. अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, आणि 2015 च्या बालन्याय अधिनियमान्वये पंधरा दिवसांच्या मुदतीत त्याच्या घरादाराचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळाच्या हाती यावा लागतो.

हा अहवाल लिहिणारा तो परिवीक्षा अधिकारी. परिवीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी नीट पाहणे. इतके अर्थवाही पदनाम सरकारी दप्तरात क्वचितच आढळते. पण हे पाहणे ओरोसच्या जिल्हा कचेरीत बसून होत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत झापांनी शाकारलेल्या होड्यांमधून वाट काढीत अधिकारी जेव्हा मुलाच्या खळ्यात जाऊन टेकतो, तेव्हा आई खाऱ्या बांगड्यांची टोपली बाजूला सारून प्रथम एवढेच म्हणते, ‘सायब, माझो झील तसो नाय ओ.’ त्यानंतर घटकाभर तो गप्प बसला, तरच नववीनंतर सुटलेली शाळा, बापाचे व्यसन, जाळ्यांसाठी काढलेले कर्ज आणि इंजिन विकत घेणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव हळूहळू बाहेर पडते. फौजदारी कागदांत यांतले काहीच उमटलेले नसते.

पुण्यात 19 मे 2024 रोजी, अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह त्या मुलाला जामीन मिळाल्याचे कळताच महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. परंतु मुंबई इलाख्यात मुलांचा स्वतंत्र कायदा 1924 साली झाला, त्याला शंभर वर्षे पुरी होत असताना, मुलाला घरी जाऊन पारखणारा माणूस आपण पुरेशा बळाने उभा केला आहे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, याची आम्हांस खंत वाटते.

चांगल्या वर्तनाच्या हमीवर मुलाला पालकांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम मंडळ तीन वर्षांपर्यंत देऊ शकते, आणि त्या काळात त्याची शाळा, सोबत व रोजगार यांवर नजर ठेवणे हेही याच अधिकाऱ्याचे काम. दोडामार्गपासून विजयदुर्गापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात तो एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिला, किंवा इतर योजनांच्या तक्त्यांत अडकला, तर देखरेख केवळ सहीपुरती उरेल. म्हणून त्याला प्रवासाचे साधन द्यावे, अन्य कामांतून मोकळे करावे. आणि मंडळानेही अहवाल हाती घेताच आधी विचारावे, की घरी कोणत्या दिवशी गेलात, किती वेळ बसलात आणि कोणाकोणाशी बोललात.