कुपी एक, नावे सात

एप्रिल २०२१ मधील तो देखावा महाराष्ट्र अजून विसरलेला नसेल. इस्पितळाने दिलेली चिठ्ठी मुठीत धरून रुग्णांचे नातेवाईक रेमडेसिविरच्या एकेका कुपीसाठी तासन्‌तास रांगेत उभे होते. इस्पितळात दाखल असलेल्यांना हे इंजेक्शन देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता; तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. ज्यांना ते लिहून दिले गेले त्यांच्याकडून काय दाम मागितले गेले, एवढेच पाहू.

त्या महिन्याच्या १७ तारखेला सात कंपन्यांच्या उतरविलेल्या किमती केंद्र सरकारने जाहीर केल्या. सातही कंपन्या गिलियड या अमेरिकी कंपनीच्या परवान्याखाली तेच औषध बनवीत होत्या. घटक एक, मात्रा एक : १०० मिलिग्रॅम. तरीही रेमडॅक नावाची कुपी ८९९ रुपयांना आणि कोव्हिफॉर नावाची ३,४९० रुपयांना! आणखी एका कंपनीची किंमत तर ५,४०० वरून थेट २,७०० वर आली. कारखान्यातील खर्च एका रात्रीत निम्मा झाला काय? नसेल, तर वरचे २,७०० रुपये कशाचे मोल म्हणून मागितले जात होते?

ते मोल नावाचे होते. गोळी घेणारा मनुष्य निदान दुकानदाराला ‘यात स्वस्तातले आहे काय?’ असे विचारू शकतो. इंजेक्शन घेणारा खाटेवर असतो, कित्येकदा शुद्धीवरही नसतो. निवड डॉक्टरची, साठा बहुधा इस्पितळाच्याच दुकानातला, पैसे तेवढे नातेवाइकांचे. स्वस्त पर्याय अस्तित्वात असतो; परंतु चिठ्ठीवर औषधाऐवजी कंपनीचे नाव असल्यामुळे तो दिसत नाही.

या रोगाचे निदान नवे नाही. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, असे जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालीच सांगितले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांवर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव लिहिण्याची सक्ती केली. वैद्यकांच्या संघटनेने विरोध करताच त्याच महिन्यात ती नियमावली स्थगित झाली!

‘जेनेरिकच्या दर्जाची हमी कोण देणार?’ हा डॉक्टरांचा सवाल. सवाल रास्त आहे, पण तो रुग्णाच्या दारी नव्हे, सरकारच्या दारी नेला पाहिजे. हमी व्यापारी नाव देत नसते, तपासणी देते. निरीक्षक व प्रयोगशाळा अपुऱ्या पडत असतील तर त्या वाढवाव्यात. सरकारच्या कुचराईचा भुर्दंड रुग्णाने का सोसावा?

यास्तव आमच्या मागण्या तीन. चिठ्ठीवर मूळ नावच असावे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने बाजारभावाच्या सरासरीला बांधलेली कमाल किंमत पुन्हा उत्पादनखर्चाशी बांधावी. आणि जीवरक्षक इंजेक्शने सार्वजनिक कारखान्यांत बनवावीत. पेनिसिलीनसाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती याच विचाराने.

रुग्णाला औषध हवे असते, कंपनीला नाव हवे असते. राज्यकर्ते यांपैकी कोणाच्या बाजूला आहेत, या प्रश्नाचे उत्तर १९७५ पासून येणे बाकी आहे.